गरम पाण्याचा परवाना

माणसांकडून गरम पाण्याचं भाडं घ्यावं ही कल्पना वॉरंटीकाकांना सुचली तेव्हा ते स्वतः बाथरूममध्ये अंगाला साबण लावून उभे होते. पाणी छान कढत होतं, खिडकीबाहेर मरणाची थंडी होती, आणि काकांच्या मनात आलं, आत्ता या क्षणी कुणी नळ बंद करून म्हणालं, 'पुढच्या बादलीचे पैसे वेगळे,' तर आपण काय करू? देऊ. मुकाट्यानं देऊ. डोळ्यांत साबण गेलेला माणूस घासाघीस करत नाही. पुढे काकांना बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप झाला. त्यांतला पहिला हा, की तो विचार त्यांनी साबणाबरोबर मोरीत जाऊ दिला नाही. टॉवेल गुंडाळला आणि तसेच बाहेर येऊन तो कागदावर उतरवून ठेवला.

वॉरंटीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण बावीस बिऱ्हाडांच्या त्या इमारतीत कुणाला साधा मिक्सर घ्यायचा झाला तरी आधी काकांना विचारायचं, अशी पद्धत पडली होती. काका खोक्यावरचं बारीक अक्षर वाचत, चष्मा कपाळावर चढवत आणि 'घ्या' किंवा 'नका घेऊ' एवढंच बोलत. लोकांची वॉरंटी कार्डंसुद्धा त्यांच्याकडेच फाईलला लावलेली असत. बारीक अक्षर वाचणारा माणूस घरात नसला तरी निदान जिन्यावर आहे, याचा लोकांना मोठा आधार वाटे. ते बारीक अक्षर लिहिणं हाच काकांचा पोटापाण्याचा उद्योग आहे, हे कुणाच्या फारसं लक्षात आलं नव्हतं. काकांनीही कधी आणून दिलं नव्हतं.

घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत काका परवाना विभागात होते. पूर्वी या विभागात दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा होता. मग कंपनीचे गिझर, दिवे, पंखे सगळे इंटरनेटला जोडले गेले, आणि उपकरण विकल्यावरसुद्धा त्याचा कान आपल्या हातात राहतो असं कंपनीच्या ध्यानात आलं. विभागाला काचेची केबिन मिळाली आणि नव्या संचालकबाई आल्या. त्या पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "गिझर विकला की गिऱ्हाईक आपल्याला दहा वर्षं विसरतं. मला ते विसरायला नको आहे. कुणाला काही सुचतंय?"

एकवीस वर्षांच्या नोकरीत काकांनी बैठकीत हात वर केला नव्हता. त्या दिवशी केला.

"गिझर तोच ठेवायचा," काका म्हणाले. "ताकदही तीच. फक्त सॉफ्टवेअरनं त्याला कोमटवर अडवायचं. पहिलं वर्ष मोकळं सोडायचं, म्हणजे अंगाला सवय लागते. मग परवाना. कोमट पाणी फुकट, सुखद पाणी दरमहा, आणि राजेशाही पाणी जरा जास्त दरमहा."

काकांना वाटलं, आता कुणीतरी म्हणेल की हे बरं दिसत नाही. त्याऐवजी टाळ्या पडल्या. आणि टाळ्या पडल्यावर आपली कल्पना वाईट आहे असं म्हणणारा माणूस कुठल्याच कचेरीत अजून नोकरीला लागलेला नाही.

तीन आठवड्यांत काकांनी चौसष्ट कलमांचा करारनामा लिहून काढला. त्यातलं कलम एकतीस त्यांचं विशेष लाडकं. एखादा लबाड लॉजमालक घरगुती परवाना घेऊन पन्नास पाहुण्यांना अंघोळ घालायचा! म्हणून एका नावावर पाचापेक्षा जास्त गिझर असतील तर तो आपोआप धंदेवाईक समजावा, असं ते कलम. संचालकबाई वाचून म्हणाल्या, "तुम्ही फार पुढचं बघता हो." त्यानंतर दोन दिवस काका ऑफिसच्या व्हरांड्यातून जरा ताठ चालत होते. फार पुढचं बघणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायाखालचं दिसत नाही, ही गोष्ट त्यांना पुढे बायकोनं सांगितली, पण तोवर उशीर झाला होता.

कारण नेमके त्याच सुमाराला कंपनीनं कर्मचाऱ्यांना नवे गिझर जवळजवळ निम्म्या किमतीत द्यायला काढले. अट एकच, खरेदी कर्मचाऱ्याच्या नावावर. इमारतीत बातमी फुटली. दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य सकाळीच दारात हजर.

"काका, घेऊ का?"

काकांनी सवयीनं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "घ्या."

हा तो शब्द. पुढे सारा घोटाळा निस्तरताना काकांना रोज वाटे, हा एक शब्द तेवढा गिळला असता तर! पण तेव्हा त्यांच्या मनात पाप नव्हतं. गिझर खरोखरच चांगला होता. वर्षानंतर लोक परवान्याचे पैसे भरतील, सगळेच भरतात, त्यात काय एवढं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. त्यांनी स्वतःच्या नावावर बावीस गिझर मागवले आणि कलम एकतीसची त्यांना आठवणसुद्धा झाली नाही. स्वतः खणलेला खड्डा दुसऱ्यासाठी आहे अशी माणसाची इतकी खात्री असते, की तो त्यावरून खुशाल फिरायला जातो.

गिझर बसवल्यावर प्रत्येकाच्या गिझरवरच्या छोट्या पडद्यावर करारनामा उमटे आणि खाली एक चौकोन येई, 'मी वाचले व मला मान्य आहे.' काका घरोघर फिरून तो चौकोन दाबून देत होते. एकवीस घरांत कुणी हूं की चूं केलं नाही. तळमजल्यावर मात्र सर चष्मा शोधायला लागले.

सरांनी काकांना शाळेत व्याकरण शिकवलं होतं. आता वय ऐंशीला टेकलेलं. पन्नाशी ओलांडलेल्या काकांना अरेतुरे करणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि त्यामुळे सरांच्या घरात पाऊल टाकलं की काकांना आपण अजून कुणाच्या तरी हाताखाली आहोत असं बरं वाटे. सरांच्या पत्नीला सगळी इमारत बाई म्हणत असे. बाईंच्या बोटांचे सांधे आखडलेले. सकाळी पाव तास कढत पाण्यात हात बुडवून बसल्या की बोटं उघडत. त्याआधी त्यांना कप धरता येत नसे की साधं बटण लावता येत नसे.

"थांब रे, वाचू दे जरा," सर म्हणाले. "चौसष्ट कलमं दिसताहेत."

"सर, ते कुणी वाचत नाही."

"म्हणून तर कुणीतरी वाचायला पाहिजे."

"मी आहे ना, सर," काका म्हणाले आणि त्यांनी चौकोन दाबला.

वर्ष छान गेलं. इमारत न्हाऊन निघाली. जिन्यात भेटेल तो काकांना दुवा देई. दंतवैद्यांनी तर काकांची एक दाढ फुकट काढून दिली; ती काढायची गरज होती की नाही हा प्रश्न वेगळा. आणि मग ऐन थंडीतल्या एका सोमवारी सकाळी साडेसहा वाजता, एका वर्षापूर्वी एकाच तारखेला नोंदलेले बावीस गिझर एकाच वेळी कोमट झाले.

सहा चाळीसला काकांची घंटा वाजली. दारात दंतवैद्य टॉवेल गुंडाळून उभे, अर्ध्या डोक्याला फेस.

"काका, परवान्याचे पैसे भरायला गेलो तर मोबाईल म्हणतो, 'हे उपकरण आपल्या नावावर नाही. कृपया मालकाशी संपर्क साधावा.' आणि खाली तुमचं नाव. तुम्ही माझे मालक आहात?"

सात वाजेपर्यंत जिन्यात मालकाशी संपर्क साधायला आलेल्या माणसांची रांग लागली होती. तिच्यात वेगवेगळ्या अवस्थांमधली मंडळी होती. कुणाच्या पायाला साबण, कुणाच्या केसांना रंग. काकांनी सगळ्यांना धीर दिला, "मी आत्ता सगळ्यांचे मिळून भरतो. मग बघू," आणि बावीस परवान्यांची मागणी पाठवली. उत्तर लगेच आलं. बायकोनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"प्रिय लॉजमालक," बायको म्हणाली. "लॉज कधी काढलात?"

कलम एकतीस. काकांना घरगुती परवाना मिळणार नव्हता. त्यांनी धंदेवाईक परवाना काढायचा होता आणि त्यासाठी पाहुण्यांची नोंदवही, आग विझवण्याच्या सोयीचा दाखला आणि लॉजच्या पाटीचा फोटो जोडायचा होता. काकांना दरदरून घाम फुटला. थंडीत अंघोळ न करता घाम येणारा त्या दिवशीचा इमारतीतला तो एकमेव माणूस.

"कसली माणसं असतात हो ही!" रांगेतून इमारतीच्या सेक्रेटरीणबाई कडाडल्या. "असले नियम लिहितं तरी कोण?"

इथे काकांनी खरं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण समोर टॉवेल गुंडाळलेली वीस बिऱ्हाडं, आणि त्यांच्या तोंडून आलं ते भलतंच. "हो ना! लाज नाही वाटत यांना!"

बायको वळली. आत गेली आणि तिनं पातेलं ओट्यावर जरा जोरात ठेवलं.

काकांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. तिथला गोड आवाज म्हणाला, "गरम पाण्यासाठी एक दाबा. कोमट पाण्याबद्दल समाधान कळवण्यासाठी दोन दाबा." काकांनी एक दाबला. सव्वीस मिनिटं बासरी ऐकली. मग आवाज म्हणाला, "आपल्या प्रश्नाचं उत्तर आपण मान्य केलेल्या करारनाम्यात आहे," आणि फोन बंद झाला. हे वाक्य काकांनीच लिहून दिलं होतं. ऐकणाऱ्याला ते कानफटात मारल्यासारखं लागतं, हे लिहिताना कळलं नव्हतं.

ऑफिसात ते थेट तक्रारींच्या टेबलावर गेले. तिथली मुलगी काकांच्याच हाताखाली तयार झालेली.

"अगं, हे बावीस गिझर बावीस घरांत आहेत. मी लॉज चालवत नाही. तू मला ओळखतेस ना?"

"ओळखते ना, सर. पण पडद्यावर लॉज दिसतोय."

"काहीतरी कर."

मुलगी कानकोंडी झाली. "सर, तुम्हीच शिकवलंय आम्हाला. दया यायला लागली की कलम वाचा." मग तिनं आपण होऊन दुसरी वाट शोधून दिली. गिझर एकेका शेजाऱ्याच्या नावावर करता येतील, पण नाव बदलण्यापूर्वी प्रत्येक गिझर चौदा दिवस विश्रांतीत ठेवावा लागेल. विश्रांतीत म्हणजे पूर्ण बंद. लोकांनी आपापसात गिझरांची अदलाबदल करू नये म्हणून ही अट. ती कुणी घातली होती हे मुलीनं सांगितलं नाही. तेवढी ती मुलगी सुसंस्कृत होती.

ऐन थंडीत चौदा दिवस बंद, हे ऐकल्यावर इमारतीत सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं कोर्टात जा. कुणी म्हणालं अंघोळीनं त्वचेचं तेल जातं, तेव्हा झालं ते चांगलंच झालं. दंतवैद्यांना मात्र सोपं वाटलं. "लॉजच हवाय ना त्यांना? मग देऊ की लॉज." त्यांनी आपल्या दवाखान्याच्या पाटीच्या मागच्या बाजूला 'आराम लॉज' असं रंगवून आणलं. रविवारी सकाळी ती फाटकावर टांगली. काका फोटो काढायला रस्त्याच्या पलीकडे गेले. फोटोत फाटक नीट बसेना म्हणून दहा मिनिटं गेली, आणि तेवढ्यात दोन सुटकेसा घेतलेलं एक जोडपं थेट आत शिरलं.

"खोली आहे का?" त्यातला नवरा म्हणाला. "आणि गरम पाणी आहे ना चोवीस तास?"

काका रस्त्याच्या पलीकडे, दंतवैद्य शिडीवर. सेक्रेटरीणबाईंनी त्या जोडप्याला जे उत्तर दिलं त्यानं त्यांचा सगळा मुक्कामच कडू झाला असणार. फोटो पाठवला तो तिसऱ्या दिवशी परत आला. शेरा असा, 'पाटीच्या मागील बाजूचा दात आरपार दिसत आहे.'

मग वायरमन आला. तो दंतवैद्यांच्या ओळखीतला. सॉफ्टवेअर म्हटल्यावर तो हसला. "साहेब, शेवटी सगळी वायरच असते. कुठलीतरी कापायची, कुठलीतरी जोडायची. पाणी उकळून निघेल." काका 'नको नको' म्हणत होते. त्यांना कलम बारा आठवत होतं, पण ते इतकं पाठ कसं, असं कुणी विचारलं असतं म्हणून ते नीटसं मोठ्यानं म्हणाले नाहीत. वायरमननं दंतवैद्यांच्या गिझरचं झाकण उघडलं आणि एक निळी वायर कापली. गिझरनं शिट्टी मारली. मग वरच्या मजल्यावरून शिट्टी आली, मग खालून, मग शेजारून. बावीस गिझर एका सुरात शिट्टी मारत होते. खातं एक, म्हणून शिक्षा एक. पडद्यावर अक्षरं आली, 'छेडछाड आढळली. सेवा स्थगित.' आणि होतं नव्हतं ते कोमट पाणीही गेलं.

वायरमननं पक्कड पिशवीत टाकली. "हे माझ्या लाईनचं नाही," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

इतकं होऊनही हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पुढे कधीतरी लोकांनी रंगवून सांगितलं असतं. पण तळमजल्यावरचे सर रांगेत आले नव्हते, तक्रार करायलाही आले नव्हते. ते रोज सकाळी स्वयंपाकघरात गॅसवर मोठं पातेलं ठेवत आणि फडक्यानं धरून बाईंच्या खोलीत नेत. वायरमन येऊन गेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवशी उंबऱ्याला पाय अडला. पाणी सुदैवानं भिंतीवर गेलं, पण सर उजव्या हातावर पडले आणि मनगट मोडलं.

काकांना हे ऑफिसातून आल्यावर बायकोकडून कळलं. ते चपला न काढताच तसे खाली गेले.

सर खुर्चीत बसले होते. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, डाव्या हातात लाल पेन, आणि मांडीवर कागदांचा गठ्ठा. करारनामा. मदतीला येऊन राहिलेल्या भाचीकडून छापून आणवला होता.

"ये, बस," सर म्हणाले. "हात दुखतोय तेव्हा म्हटलं वाचावं काहीतरी. हे बघ."

पानापानांवर डाव्या हाताच्या वाकड्या लाल खुणा होत्या.

"'सदर' हा शब्द एकशे बारा वेळा आलाय," सर म्हणाले. "सदर उपकरण, सदर मालक, सदर पाणी. पाण्याला सदर? बरं, ते जाऊ दे. कलम नऊ बघ. सतरा ओळींचं एक वाक्य. क्रियापद पार शेवटी. तोवर वाचणारा इतका दमतो, की संपलं एकदाचं म्हणून 'मान्य' म्हणून टाकतो. अडाण्याला असं वाक्य जमत नाही. भाषा येणाऱ्यानंच लिहिलंय हे."

आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "चहा करायला हवा होता, पण आज बोटं वळतच नाहीत बघा."

"राहू द्या, बाई," काका कसेबसे म्हणाले.

सरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय आणि तो देत नाही, असं असलं की सर असेच थांबून राहत.

"कुणी लिहिलं असेल रे हे?"

सरांना ठाऊक होतं. काकांच्या शाळेतल्या निबंधांतसुद्धा वाक्यं अशीच लांबत जात आणि क्रियापद धापा टाकत शेवटी पोचे. सर रागावून विचारत नव्हते. दार उघडून धरावं, तसं विचारत होते. हे काकांना कळलं, पण नंतर. त्या क्षणी त्यांना फक्त प्लॅस्टर दिसत होतं.

"कंपनीचे वकील असतात, सर," काका म्हणाले. "ते लिहितात."

"अच्छा," सर म्हणाले. त्यांनी लाल पेनाचं टोपण दातांनी धरून लावलं आणि कागद बाजूला ठेवले. "वकील असतात, होय."

दुसऱ्या दिवशी काका संचालकबाईंच्या केबिनमध्ये उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी मन लावून ऐकलं, सरांच्या हाताबद्दल दोनदा विचारलं.

"पण अपवाद कसा करू?" त्या म्हणाल्या. "एकाला अपवाद केला की लोक अपवाद मागायला शिकतात. हे वाक्य तुमच्याच टिपणातलं आहे."

"मग कलमच काढून टाका."

"काढता येईल. दुरुस्ती समितीकडे अर्ज करा. ती तीन महिन्यांनी बसते. अध्यक्ष तुम्हीच आहात." मग त्यांना आठवलं. "फक्त स्वतःच्या प्रकरणात अध्यक्षाला बसता येत नाही. कलम अठ्ठावन्न."

काकांना ते कलम लिहितानाची संध्याकाळ आठवली. बाहेर कुणाचा तरी वाढदिवस चालला होता, केकचा तुकडा टेबलावर आणून ठेवलेला, आणि आपण न्यायाची चाड राखली म्हणून ते स्वतःवर फार खूश झाले होते.

त्या शनिवारी इमारतीच्या पार्किंगमध्ये सभा भरली. खुर्च्या मांडल्या. सर पुढच्या रांगेत, प्लॅस्टरचा हात मांडीवर ठेवून. सेक्रेटरीणबाईंनी ठराव मांडला, की ज्या कुणी हे नियम लिहिले त्या माणसाला कामावरून काढावं असं खरमरीत पत्र कंपनीला पाठवावं. सगळ्यांनी हात वर केले.

"आणि पत्र लिहायचं काकांनी," दंतवैद्य म्हणाले. "बारीकसारीक त्यांना बरोबर कळतं."

कुणीतरी कागद आणि पेन काकांच्या हातात दिलं. काका उभे राहिले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं. सरांकडे तेवढं पाहवलं नाही.

"पत्राची गरज नाही," ते म्हणाले. "मी लिहिलेत ते नियम. सगळे. कल्पनाही माझीच. बाथरूममध्ये सुचली."

शेवटचं वाक्य सांगायची काही आवश्यकता नव्हती, पण माणूस कबुली द्यायला लागला की त्याला थांबायचं कुठे ते कळत नाही. एक लहान मुलगी हसली. तिच्या आईनं तिला गप्प केलं. काका शिव्यांची तयारी करून उभे होते आणि शिव्या येईनात, हे त्यांना फार जड गेलं. दंतवैद्य एवढंच म्हणाले, "वर्षभर दुवा देत होतो हो तुम्हाला," आणि खुर्ची मिटून उचलायला लागले. खुर्च्या एकेक करत मिटल्या. सर भाचीच्या आधारानं उठले आणि घरात गेले.

पुढचं काम काकांनी स्वतः केलं. बटण दाबलं की तापणारे, लाल दिवा लागणारे आणि दुसरं काहीच न कळणारे बावीस साधे गिझर त्यांनी आपल्या खर्चानं आणले. साठवलेल्या पैशांना हात घालावा लागला. बायकोनं पासबुक स्वतः काढून दिलं. गिझर येईपर्यंत चार दिवस गेले. ते चारही दिवस काका सकाळी सहाला कढत पाण्याचं पातेलं घेऊन तळमजल्यावर जात. भाची दार उघडून पातेलं घेई, 'थँक्यू' म्हणे आणि दार लावून घेई. सर आत रेडिओ ऐकत असायचे.

काकांनी परवाना विभाग सोडला. आता ते सुट्या भागांच्या गोदामात वॉशर मोजतात. दुरुस्ती समितीपुढे त्यांचा अर्ज गेला आणि नव्या अध्यक्षांनी तो नियमांना धरून फेटाळला. योजना म्हणाल तर उत्तम चालली आहे. चौसष्ट कलमं काकांनी कधी पाहिली नाहीत अशा गावांत जाऊन पोचली आहेत. कुठे ना कुठे रोज सकाळी कुणीतरी डोळे मिटून, डोक्याला फेस लावून चाचपडत फोन शोधत असतं. हा विचार काकांना हटकून अंघोळीच्या वेळी येतो, आणि म्हणून ते हल्ली अंघोळ झटपट आटपतात.

सरांचं प्लॅस्टर निघाल्याचं कळलं तेव्हा दीड महिना झाला होता. एका रविवारी काका खाली गेले. बराच वेळ दाराशी उभे राहून त्यांनी घंटा दाबली. या वेळी दार बाईंनी उघडलं. बोटं सुटी झाली होती, कडी त्यांनीच काढली.

सर खुर्चीत होते. काकांना पाहून ते अर्धवट उठले.

"या," सर म्हणाले. "बसा."

काका बसले. त्यांना नीट ऐकू आलं होतं, पण ऐकण्यात काही चूक झाली असावी अशी त्यांनी जरा वेळ आशा धरली.

"कसे आहात?" सरांनी विचारलं. "घरी सगळे ठीक?"

"ठीक आहेत, सर. हात कसा आहे?"

"बरा आहे. तुम्ही उगीच तसदी घेतलीत."

बाईंनी चहा आणला. काकांनी पुढे होऊन ट्रे घेतला. चहा चांगला गरम होता. थंडी ओसरत आल्याबद्दल बोलणं झालं, कोपऱ्यावर होणाऱ्या नव्या इमारतीबद्दल झालं. सर प्रत्येक वाक्य नेटकं, पूर्ण बोलत होते. बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं. त्यात राग कुठेही नव्हता. राग असता तर काकांना धरायला काहीतरी सापडलं असतं. दोनदा त्यांनी मनाशी वाक्य जुळवलं, 'सर, त्या दिवशी तुम्ही विचारलंत तेव्हा,' आणि दोनदा ते वाक्य लांबत लांबत गेलं आणि क्रियापदापर्यंत पोचलंच नाही.

निघताना सर दारापर्यंत आले. उजवा हात दाराच्या चौकटीवर टेकवून उभे राहिले. मनगट जरासं वाकडं जुळलं होतं.

"येत जा अधूनमधून," सर म्हणाले.

दार लागलं. काका जिना चढायला लागले आणि पहिल्या वळणावरच थांबले. 'ये' आणि 'या' वेगळं. 'बस' आणि 'बसा' वेगळं. पण 'जा' मात्र दोन्हीकडे सारखंच असतं. तू जा, तुम्ही जा. हे सरांनीच सातवीत शिकवलं होतं, फळ्यावर दोन रकाने आखून. काका कठड्याला धरून उभे राहिले. त्यांनी ते वाक्य मनात परत परत म्हणून पाहिलं. सरांचा आवाज आठवून पाहिला, चेहरा आठवून पाहिला, आणि काही केल्या त्यांना ठरवता येईना, की सर कुठल्या रकान्यातलं म्हणाले.